टांग मारता येईना, तेव्हा : ६७ व्या वर्षी पुन्हा सायकल

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या गृहस्थांना आपण नुसतं काका म्हणू. लिहायला त्यांची परवानगी आहे. एक-दोन तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. मी स्वतः डॉक्टर नाही, मेकॅनिकही नाही. पहाटे सायकल चालवणारा एक साधा माणूस. पण 'अमक्यांना सायकल घ्यायची आहे, जरा बघ ना' असे निरोप माझ्याकडे येत असतात. काकांचा निरोप मात्र सायकल घेऊन, पडून झाल्यावर आला.

काका ६७ वर्षांचे, सरकारी खात्यातून निवृत्त, राहायला नागपूरच्या लक्ष्मीनगरात. नोकरीची पहिली बारा वर्षं ते सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात चोवीस इंची ॲटलासवर जात. १९९१ साली स्कूटर आली आणि ॲटलास काटोलकडे भावाच्या शेतावर गेली. तेव्हापासून काका सायकलवर बसले नव्हते, पण 'सायकल काय, एकदा आली की आली' हे त्यांचं ठाम मत होतं. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानंच घोळ केला.

उंची ५ फूट ५ इंच, वजन ८२ किलो. मधुमेहाची गोळी दहा वर्षांपासून, रक्तदाबाची त्याआधीपासून. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. उजव्या गुडघ्याची झीज सुरुवातीची, पण वीस मिनिटं चाललं की आतल्या बाजूनं दुखायला लागायचं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालणं जमत नसेल तर सायकल चालवा. सायकलवर अंगाचा बहुतेक भार सीट उचलते, गुडघ्यावर दणके बसत नाहीत आणि मांडीचे स्नायू मात्र कामाला लागतात. डॉक्टर एवढंच बोलले. कुठली सायकल, हा त्यांचा विषय नव्हता.

पुण्याच्या मुलानं ते ऐकलं आणि वाढदिवसाला घरपोच सायकल पाठवली. जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. दिसायला झकास.

अडचण

पहिले दोन दिवस काकांनी सायकल कॉलनीतच फिरवली. तिसऱ्या दिवशी बजाजनगर चौकात सिग्नल लागला, काका थांबायला गेले आणि उभ्या सायकलवरून डाव्या अंगावर आडवे झाले. मनगट मुरगळलं, कोपर सोललं, मागच्या ऑटोवाल्यानं उचललं. नशीब चांगलं म्हणून खुबा वाचला. काकूंनी त्याच दिवशी सायकलवर जुनी चादर टाकून ती जिन्याखाली सारली.

मी गेलो तेव्हा काकांचा सगळा राग ब्रेकवर होता. "डिस्क ब्रेक एकदम लागते बाप्पा, जागच्या जागी." मी ब्रेक तपासले, ठीक होते. मग म्हटलं, काका, पडलात तेव्हा नेमकं काय करत होतात ते मला जागेवर करून दाखवा. त्यांनी अंगणात सायकल हातात धरली आणि दाखवलं, आणि मला माझे वडील आठवले.

जुन्या चोवीस इंचीवर चढायची एक पद्धत होती. डावा पाय पायडलवर, उजव्या पायानं जमिनीवर दोन-तीन ढांगा, सायकलनं वेग धरला की उजवा पाय मागून कॅरिअरवरून पलीकडे. टांग मारणं म्हणतात ते हे. उतरायचं तसंच, फक्त उलटं : सायकल चालती असतानाच उजवा पाय मागून अलीकडे आणायचा, डाव्या पायडलवर उभं राहायचं आणि वेग संपता संपता जमिनीवर. थांबलेल्या सायकलवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, हे त्या सायकलीवर आपल्याकडच्या बहुतेक माणसांना जमतच नव्हतं, कारण दांडा तेवढा उंच असायचा.

काकांच्या अंगात हीच पद्धत होती. चौकात त्यांनी सवयीनं उजवा पाय मागे टाकला, तो सीटच्या वर गेलाच नाही. मांडी सीटला अडली, सायकल थांबली, डावा पाय पायडलवरच. मग खाली जाण्यावाचून दुसरं काही उरत नाही. टेप लावून पाहिलं. काकांची जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी ७४ सेंटिमीटर, सायकलचा दांडा ७८. म्हणजे सीटवरून पुढे सरकून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवावेत म्हटलं तरी ते नीट टेकणार नव्हते. मुलानं रंग पाहिला, गिअर पाहिले, ग्राहकांनी दिलेले तारे पाहिले, मापाच्या रकान्याकडे लक्ष दिलं नाही. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

चालवताना काकांचा तोल उत्तम होता, हे मुद्दाम नोंदवतो. 'एकदा आली की आली' हे तोलाबद्दल खरं निघालं. चढणं, थांबणं आणि उतरणं या तीन गोष्टींबद्दल मात्र ते खोटं ठरलं. त्या तिन्हींना खुब्याची लवचीकता लागते आणि ती चौतीस वर्षांत निघून गेली होती.

समोरचे पर्याय

सायकलचा नादच सोडायचा, हा काकूंचा पहिला पर्याय. दुसरा, घरात उभी राहणारी व्यायामाची सायकल. गुडघ्यासाठी ती चालली असती आणि पडायची भीती शून्य. काका म्हणाले, "भिंतीकडे पाहत पायडल मारायला मी काय घाण्याचा बैल होय का?" हा पर्याय तिथेच संपला. मला तो इतक्या झटपट संपायला नको होता, त्याबद्दल शेवटी लिहितो.

गावची ॲटलास आणून दुरुस्त करावी, असं काकांच्या मनात होतं. भावाला फोन झाला, सायकल अजून होती, गडी डेअरीवर दूध घालायला वापरत होता. पण दांडा आणखी उंच, वजन वीस किलोच्या आसपास आणि ब्रेक सळईचे. आठवण म्हणून ठीक. काकांनाही ते कळत होतं, तरी त्यांनी भावाला सांगितलं की विकू नको.

तीन चाकांच्या मोठ्यांच्या सायकलीबद्दल आम्ही पाच मिनिटं बोललो असू. तिला गेटमधून आत घ्यायला जागा नव्हती. शिवाय ज्याच्या अंगात दुचाकीचा तोल आहे, त्याला ती वळणावर घाबरवते. वळताना अंग आत झुकतं, सायकल झुकत नाही.

बॅटरीची सायकल हा खरा मोहाचा पर्याय होता. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. मुलगा पैसे द्यायला तयार होता. पण काकांना जायचं होतं लक्ष्मीनगर ते अंबाझरी, शंकरनगर, धरमपेठ. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर या भागात मोटरची मदत लागावी असं फारसं काही नाही. आणि वजन. काकांच्या घराला तीन पायऱ्या आहेत, सायकल रोज रात्री वर घ्यावी लागते. काकूंना ती एकटीनं उचलता येईल का, हा प्रश्न विचारल्यावर उत्तर आपोआप आलं. काका डोंगरगावात राहत असते तर मी वेगळं सांगितलं असतं.

उरले दोन. सरळ दांड्याची हलकी हायब्रिड (रेसिंग आणि माउंटन सायकलच्या मधली), किंवा खालून पाय घालून बसता येईल अशी, जिला आपण सगळे लेडीज सायकल म्हणतो ती.

इथे माझी चूक झाली. मी स्वतः हायब्रिड चालवतो, म्हणून मी हायब्रिड सुचवली. 'छोट्या मापाची घेऊ, होईल सवय' असं वर म्हणालो. माझीच सायकल सीट पूर्ण खाली करून त्यांना मैदानात दिली. चार वेळा चढले, चारही वेळा सीटला पोटरी घासली, पाचव्यांदा मीच हँडल धरलं. दोन आठवडे यात गेले, आणि काकांच्या मनात 'आपल्याला आता हे जमत नाही' हे घर करायला लागलं. ते दोन आठवडे मला आजही खटकतात.

सुतळीची परीक्षा

शेवटी मी सायकल बाजूला ठेवली आणि सुतळी मागवली. एक टोक तुळशीवृंदावनाला, दुसरं गेटच्या गजाला. डावा पाय जमिनीवर, एक हात गजाला, आणि उजवा पाय सुतळीवरून पलीकडे न्यायचा. आधी मागून, टांग मारल्यासारखा. मग पुढून, उंबरठा ओलांडल्यासारखा. सुतळी हाताच्या चार बोटांएवढी वर सरकवत न्यायची आणि कुठे घासते ते बघायचं.

मागून टांग ६० सेंटिमीटरला संपली. सायकलची सीट ९० च्या आसपास असते, म्हणजे हिशेबच नाही. पुढून पाय मात्र ५० पर्यंत आरामात गेला आणि ४५ ला गजाचा आधारही लागला नाही. काकांनी स्वतः टेप धरून आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले. ते कॅलेंडर अजून आहे. याला दहा मिनिटं लागली. साठीपुढच्या कोणाहीसाठी सायकल पाहताना मी आता हेच आधी करतो. गिअर, ब्रेक, रंग सगळं नंतर.

म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आत सर्वांत खालचा भाग असलेली फ्रेम हवी होती. म्हणजे लेडीज.

"लोकं काय म्हणतील? पेन्शन सुरू झाली अन् लेडीज सायकल चालवून राहिला?"

मी काही बोललो असतो तर ते भाषण झालं असतं. काकू कांदे चिरत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "अहो, मग माझ्या नावानं घ्या. मला पाहिजेच आहे. तुम्ही फक्त चालवून बघा, बिघडली तर नाही ना." काका काही क्षण गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या रंगात येते?"

काय केलं

सायकल घेण्याआधी डॉक्टरांकडे जाणं झालं, खरं तर ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. त्यांनी छातीची पट्टी (ईसीजी) काढली, ट्रेडमिलची तपासणी केली आणि दोन गोष्टी सांगितल्या. काकांची रक्तदाबाची गोळी नाडीचा वेग वाढू देत नाही, त्यामुळे घड्याळावरचे ठोके बघून व्यायाम ठरवू नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच दम लागू द्या. दुसरं, मधुमेहाची त्यांची गोळी अशी होती की व्यायामानं साखर एकदम उतरू शकते, आणि ती उतरली की छातीत धडधडतं ती खूण रक्तदाबाच्या गोळीमुळे दबते. हातापायांचा कंपही दबू शकतो, म्हणून घाम सुटतो का याकडे लक्ष ठेवा, रिकाम्या पोटी निघू नका, खिशात ग्लुकोज असू द्या. काकांनी संत्रा बर्फी चालेल का विचारलं. नाही चालणार. तिच्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साधी साखर किंवा ग्लुकोजची पूडच बरी.

सायकल बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाहिली. दुकानदार सात गिअरांवरून एकवीसवर आणि एकवीसवरून चोवीसवर जात होता. आम्ही सुतळीचा आकडा घेऊन गेलो होतो, त्यामुळे फारसं बोलावं लागलं नाही. दुकानामागच्या गल्लीत काकांनी सायकल चालवण्याआधी दहा वेळा फक्त चढ-उतार केली. फ्रेमचा खालचा भाग ४१ सेंटिमीटर, मागे सात गिअर, पुढे एकच चक्र, साधे रिम ब्रेक, हँडल छातीकडे वळलेलं. टायर ७०० बाय ३८, म्हणजे रुंदी ३८ मिलिमीटर. टायरच्या रुंदीवर मी अडून बसलो. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर दोन पट्ट्यांमधली लांब फट आणि कडेला गट्टूंशी (पेव्हर ब्लॉकशी) होणारी दोन बोटांची पायरी, दोन्ही अरुंद टायरला पकडतात. तिथे चाक सरळ रेषेत घासत गेलं की हँडल वळतच नाही.

स्टँड, मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, मागे लाल दिवा, उजवीकडे आरसा. मान पूर्ण वळत नाही आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा आरसा चैनीचा नव्हता. हेल्मेटवर थोडी कुरकुर झाली, काकूंनी ती ऐकली नाही. सगळं मिळून चौदा हजारांच्या आत बसलं. जिन्याखालची सायकल साडेसहा हजारांना एका कॉलेजच्या मुलाला गेली. ती मुळात त्याच्याच वयाला साजेशी होती.

मग सराव. कॉलनीच्या मैदानात पहिले दोन दिवस मी पायडलच काढून ठेवले आणि सीट खाली केली. पायांनी ढकलत जायचं, दोन्ही पाय उचलून सायकल घरंगळू द्यायची, ब्रेक दाबायचा, पाय टेकवायचे. "मी काय के.जी.तला पोरगा होय का?" हे मला तीनदा ऐकावं लागलं. समोरच्या बाकावर फिरायला आलेले चार जण बसले होते, त्यामुळे ते मी समजू शकतो.

तिसऱ्या दिवशी पायडल लावले आणि फक्त थांबण्याचा सराव केला. काकांना मोडायची सवय एकच होती : उजवा पाय मागे टाकणं. नवी पद्धत अशी. थांबायच्या आधी हलका गिअर घ्यायचा. डावा पायडल खाली आणायचा. ब्रेक दाबत सीटवरून पुढे सरकून खाली यायचं आणि आधी उजवा, मग डावा पाय जमिनीवर. सीटवर बसून राहायचं नाही. रोज वीस थांबे. पाचव्या दिवशीही दोनदा उजवा पाय मागे गेला. अंगाला १९७९ साल आठवत होतं.

खालच्या फ्रेमचा खरा फायदा मला इथे कळला. घाबरलेला माणूस सीट इतकी खाली करतो की बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकावेत. मग पायडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि पुढून दुखायला लागतो. काकांचंही पहिल्या आठवड्यात तेच झालं. पण सीटवरून पुढे उतरता येत असेल तर सीट खाली ठेवायची गरजच राहत नाही. टाच पायडलवर, पायडल सर्वांत खाली, पाय सरळ, हे माप गाठेपर्यंत आम्ही दर आठवड्याला सीट अर्धा इंच वर घेतली. चौथ्या आठवड्यात पुढून दुखणं थांबलं.

रस्ता सुरुवातीला आठ रस्ता चौकाच्या आतल्या गल्ल्यांचाच. मग अंबाझरीपर्यंत. मोठे चौक पायी, सायकल हातात घेऊन. कुत्री अंगावर आली तर उतरायचं आणि सायकल मध्ये ठेवून चालायचं, शर्यत लावायची नाही. फेब्रुवारीत सुरुवात केली होती. एप्रिल-मेमध्ये साडेपाचला निघून सातच्या आत घरात, त्यानंतर नागपुरात रस्त्यावर काम नाही.

काय झालं

पाच महिन्यांनी काका आठवड्यातून चार दिवस आठ ते दहा किलोमीटर करत होते. वजन दोन किलोनं उतरलं, जास्त नाही, कारण परतीच्या वाटेवर तर्री पोह्यांचा एक ठेला लागतो. गुडघ्याचं दुखणं गेलेलं नाही, पण जिना चढताना कठडा धरायचं बंद झालं. साखर थोडी सुधारली. त्यात सायकलचा वाटा किती आणि डॉक्टरांनी बदललेल्या गोळीचा किती, हे मी सांगू शकत नाही.

जुलैत एकदा पडले. पाऊस पडून गेला होता, समोरून गाडी आली म्हणून ते कडेला गट्टूंवर उतरले आणि परत सिमेंटवर येताना तिरपे चढले. ओल्या कडेवरून पुढचं चाक घसरलं. या वेळी दोन्ही पाय जमिनीवर आले, फक्त गुडघ्याजवळ खरचटलं. आता अशा कडेला ते उतरून सायकल वर घेतात.

काय वेगळं करता आलं असतं

डॉक्टर पहिल्या दिवशी. सुतळी पहिल्या दिवशी. माझ्या हायब्रिडवरचे दोन आठवडे वाचले असते आणि काकांचा धीरही.

घरातली व्यायामाची सायकल काकांनी उडवली तेव्हा मी हसलो. महिनाभर कुठूनतरी आणून खुब्याचे साधे व्यायाम आणि तिच्यावर पंधरा मिनिटं केली असती तर पहिला आठवडा सोपा गेला असता. फिजिओथेरपिस्टकडे एक फेरीही आम्ही घातली नाही. खुबा किती सुटू शकतो हे तिथे कळलं असतं. आम्ही तो आहे तसा धरून सायकल शोधली. त्यात चूक नाही, पण अर्धंच काम झालं.

मुलाला मी सुरुवातीला थोडं सुनावलं होतं. तेही टाळता आलं असतं. त्यानं विचारायचं कोणाला होतं? दुकानात माप घ्यायची पद्धत सगळीकडे नाही, आणि वडिलांचा पाय किती वर जातो हे कुठल्या मुलाला माहीत असतं?

'लेडीज' या शब्दाचं मात्र मला अजून काही सुचलेलं नाही. दुकानदाराला तोच शब्द सांगावा लागतो, नाहीतर त्याला कळत नाही, आणि तो शब्द ऐकला की निम्मे काका मागे फिरतात. आमचे काका ती 'काकूंची सायकल' म्हणतात. गेल्या महिन्यापासून ते अक्षरशः खरं झालंय. काकू संध्याकाळी ती घेऊन खामल्याच्या बाजारात भाजीला जातात, पुढे टोपली लावून घेतली आहे, आणि परवा सकाळी काकांना सीट खाली केलेली आढळली. "विचारत तरी जात जा," ते म्हणाले. काकूंनी सांगितलं, पावती कोणाच्या नावाची आहे ते बघा.